जपून चालवलेले इंजिन

माझे वडील गाडी चालवत तेव्हा मागच्या सीटवर काठोकाठ भरलेले पातेले ठेवले असते, तरी त्यातला थेंब सांडला नसता. वळण येण्याच्या कितीतरी आधी ते पायाखालचा दाब काढून घेत. ब्रेक लावत तोही झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावे तसा. मागच्याने हॉर्न वाजवला, तर आरशात पाहून किंचित मान झुकवत. जणू रस्ता त्याच्या मालकीचा आहे आणि आपण घटकाभर पाहुणे म्हणून आलो आहोत.

नोकरी त्यांनी छापखान्यात केली, मुद्रिते तपासण्याची. चुकीभोवती ते पेन्सिलीने इतके पुसट वर्तुळ काढत, की जुळणी करणारा माणूस विचारी, "साहेब, चूक दाखवताय की तिची माफी मागताय?" हा किस्सा आम्हाला त्यांनीच सांगितलेला, आणि तोही त्या माणसाला वाईट वाटणार नाही इतपतच हसून.

गाडी माझ्याहून वयाने मोठी. गडद हिरवी, लांब नाकाची. तिचे बॉनेट मधल्या दांडीवरून दोन्ही बाजूंना पंखांसारखे उघडते. लहानपणी मी तिच्या मागच्या सीटवर काही न बोलता बसून राही. आईला वाटे, पोराला गाडी लागते. मी इंजिन ऐकत असे. वयस्क माणसाने मनाशी काही पुटपुटत घरभर फिरावे, तसा त्याचा आवाज होता, आणि त्या पुटपुटण्यात मला कुणी काही विचारत नसे, हे मला फार आवडे.

अलीकडे मात्र ती निळा धूर सोडू लागली होती. पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो, त्याच्या भिंती झिजल्या की खालचे ऑइल वर चढते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. जळत्या ऑइलचा धूर निळा. तो आमच्या फाटकाबाहेर रेंगाळत राही, आणि आई गच्चीवरून कपडे गोळा करता करता म्हणे, "अहो, निघताना हाक मारत जा. शेजारणीच्या चादरी राखाडी व्हायला लागल्यात. तोंडावर काही बोलत नाही ती, पण मला बघितलं की चादर जरा जोरात झटकते."

तशात हॉटेलवाला भेटला. शहराबाहेर नवे हॉटेल बांधणारा हा गृहस्थ पेट्रोल पंपावर वडिलांच्या मागे उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिथेच त्याला सगळे चित्र दिसले. प्रवेशद्वारातून आत आले की समोर गाडी, वर झुंबर, बॉनेटचे पंख उघडलेले, आणि इंजिन काढून टाकलेल्या पोकळीत ताजी फुलझाडे. "रोज बदलू," तो म्हणाला. "लोक फोटो काढतील. तुमच्या गाडीचं सोनं होईल, साहेब. इथे काय, धूर ओकतेय बिचारी."

वडिलांना नको होते. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला नको म्हणणे त्यांना आयुष्यात जमलेले नव्हते. ते म्हणाले, "एकदा इंजिन करून बघतो. धूर थांबला तर राहू दे. नाही थांबला, तर तुमचीच."

घरी येऊन त्यांनी हे सांगितले तेव्हा आई भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "म्हणजे वचन देऊन आलात?"

"तसं नाही... पण हो."

"बरं झालं. एकदाचा निकाल तरी लागेल," आई म्हणाली, आणि मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून तिने नळ पुन्हा सोडला, कारण त्या आवाजात पुढचे काही बोलावे लागत नाही.

*

मी मामाच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जुनी पेट्रोल इंजिने उघडून पुन्हा उभी करणे हा त्याचा धंदा, आणि बोलणे हा त्याचा स्वभाव. आई म्हणते, देवाने याला सगळं दिलं, फक्त सायलेन्सर बसवायचा राहिला. कॉलेज सोडून मी घरात बसलो होतो तेव्हा तोच मला हाताला धरून घेऊन गेला. मला तो मौनीबाबा म्हणतो. त्या हाकेचा मला राग येत नाही. हाक मारणाऱ्याला उत्तर नको असते, हे मला माहीत आहे.

"दाजींचं इंजिन तू करायचंस," मामा म्हणाला. "पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत. मी हात लावणार नाही."

"आणि काही अडलं तर?"

"तर तोंड लावीन. ते काय मी कुणाला उसनं देत नाही."

अशा रीतीने माझ्या हातचे पहिले पूर्ण इंजिन हे माझ्या वडिलांचे झाले.

इंजिन उघडणे हे मला नेहमीच काहीसे अवघड वाटत आले आहे. कुणाचे कपाट त्याच्या अपरोक्ष उघडावे तसे. पण हे इंजिन उघडल्यावर मला ज्याने ते कधीकाळी कागदावर रेखले, त्या अनोळखी माणसाविषयी प्रेम वाटले. त्याने पिस्टन रुंदीला लहान आणि प्रवासाला लांब ठेवले होते. असे इंजिन धावत नाही, ते ओढते. चढावर, कमी वेगात, न कुरकुरता. आणि त्याने सिलिंडरच्या भिंती गरजेहून कितीतरी जाड ओतल्या होत्या. का, तर त्या झिजतील. मग कुणीतरी त्या किंचित कापून गोल करील आणि थोडा मोठा पिस्टन बसवील. मग पुन्हा झिजतील. आपल्या पश्चात येणाऱ्या हातांसाठी त्याने लोखंडात जागा सोडली होती. आपली वस्तू बिघडणार आहे, हे आधीच मान्य करून ती घडवणारा माणूस मला मनाने फार मोठा वाटतो.

भिंती कापून झाल्यावर शेवटचे काम असते ते त्यांना ओरखडे काढण्याचे. बाहेरच्या माणसाला हे खरे वाटत नाही. आरशासारखी गुळगुळीत भिंत उत्तम, असेच कुणालाही वाटेल. पण गुळगुळीत भिंतीवर ऑइल टिकत नाही. ते ओघळून जाते. म्हणून बारीक दगडांचे फिरते हत्यार आत घालायचे आणि ते गरगर फिरत असताना खालीवर करायचे, म्हणजे भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी उमटते, विणलेल्या कापडासारखी. त्या रेषांत ऑइल मुरून राहते. आणि पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगा त्याच रेषांवर घासून, स्वतःला थोडे झिजवून, त्या भिंतीच्या होतात. याला आमच्यात 'रिंगा बसणे' म्हणतात. एकदा बसल्या की वरचा जाळ खाली जात नाही आणि खालचे ऑइल वर येत नाही.

माझी जाळी मामाने टॉर्चने पाहिली, चारही सिलिंडरांची. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "चालेल." त्याच्या तोंडून एकच शब्द निघणे ही मोठी घटना होती, म्हणून मी ती जपून ठेवली.

गाडी सुरू केली त्या सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. इंजिन पहिल्याच प्रयत्नात बोलले. वडिलांनी बॉनेटच्या कडेवर तळहात टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान."

"दाजी, आता नीट ऐका," मामा म्हणाला. "नवं इंजिन आहे. जपा, पण कुरवाळत बसू नका. चढ बघायचा, दाबायची, सोडायची. पुन्हा दाबायची. काय?"

"हो, हो. जपतो की."

"पहिलंच वाक्य ऐकलंत तुम्ही."

"नाही रे, सगळं ऐकलं," वडील म्हणाले, आणि गाडी फाटकातून अशी बाहेर काढली, की उंबरठ्याच्या खाचेवरून चाके उतरली हेसुद्धा जाणवू नये.

*

पुढे रोज सकाळी ते गाडी घेऊन तलावाकाठच्या रस्त्याला जात. तो रस्ता सपाट, सावलीचा आणि रिकामा. परत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही वेळ एक उजेड असे. जेवताना ते आपण होऊन बोलत, आणि तेही इंजिनाबद्दल. "काय मऊ चालतंय रे," म्हणत. आई माझ्याकडे बघे, मी ताटाकडे.

कारण धूर थांबला नव्हता. सुरुवातीला तो येतोच. रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल जळणारच. पण तो कमी व्हायला हवा होता आणि होत नव्हता. मी ठिणगी पाडणारे प्लग काढून पाहिले. चांगल्या जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग कोरडा आणि भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असतो. चारही प्लग काळे आणि ओले होते. मी मनातल्या मनात सगळे इंजिन पुन्हा उघडले. एकेक रिंग, तिची दिशा, तिच्या टोकांमधली फट. चूक सापडत नव्हती, आणि न सापडणारी चूक आपलीच असते असे मानण्याची मला सवय आहे. हॉटेलवाला येत्या रविवारी येणार होता.

मामाला सांगण्यावाचून उपाय नव्हता. त्याने प्लग हातात घेतले, वास घेतला, आणि माझ्याऐवजी वडिलांना बोलावणे धाडले.

"दाजी, गाडी कुठे नेता?"

"तलावाच्या रस्त्याला."

"चढ आहे तिथे?"

"नाही. मुद्दाम सपाट निवडला. म्हटलं नवं इंजिन आहे, त्याला त्रास नको."

"आणि पायाखाली किती दाबता?"

वडिलांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर दाखवले. त्यातून कागद गेला असता.

मामाने डोक्याला हात लावला. "अहो, इंजिन आहे की ओली बाळंतीण?"

वडील ओशाळून हसले. मामा आता हसत नव्हता. त्याने एक जुनी रिंग उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही बघा. ही स्वतःच्या ताकदीने भिंतीला टेकते ती अशी, नावापुरती. वर पेट्रोल भडकतं ना, तो दाब हिच्या मागे शिरतो आणि हिला भिंतीवर रेटतो. ज्याने इंजिन बनवलं त्याने तशीच रचना केलीय. जाळ जितका मोठा, तितकी रिंग घट्ट. तुम्ही जाळच होऊ दिला नाहीत. मग ती नुसती वरून सरकत राहिली. ऑइल हळूहळू जळलं, त्याचा लेप त्या रेषांमध्ये बसत गेला. अजून थोडे दिवस असेच गेले की भिंत काच होईल. मग जन्मभर सरकत राहील ती. बसणार नाही."

"म्हणजे मीच..." वडील म्हणाले.

"तुम्हीच. प्रेमाने केलंत, पण केलंत."

वडील त्या रिंगेकडे बघत राहिले. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण कोणत्या शब्दांनी घ्यावी ते सुचले नाही.

"उपाय?" त्यांनी विचारले.

"खाणीचा चढ. तिसरा गिअर टाकायचा, पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबायचा, आणि गाडी पुरती वेगात आली की पाय काढायचा, गिअर तसाच. मग पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा. उशीर झाला नसेल तर बसतील रिंगा. आणा चावी, मी नेतो."

"नको," वडील घाईने म्हणाले. "माझी गाडी आहे. मी चालवतो."

"दाजी, तुमच्याच्याने व्हायचं नाही ते."

"हा येईल ना बरोबर." त्यांनी माझ्याकडे बोट केले. "हा सांगेल तेव्हा दाबीन."

मामाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "उत्तम," तो म्हणाला. "मुका सांगणार आणि पांगळा पळणार."

*

खाणीचा रस्ता शहराच्या पाठीमागून वर जातो. खाण बंद पडून बराच काळ झाला, पण दगडाची पांढरी भुकटी अजूनही कडेच्या झुडपांवर असते. चढ सरळ आणि लांब आहे. वर पोचल्यावर एक मोकळे मैदान लागते, जिथे पूर्वी ट्रक वळत.

पायथ्याशी वडिलांनी तिसरा गिअर टाकला. इंजिन हलके गुरगुरले. मी म्हणालो, "आता."

त्यांनी दाबले, म्हणजे पायाला तसा विचार सांगितला. गाडी चढू लागली, आणि आवाज किंचित जाड झाल्याबरोबर त्यांचा पाय आपोआप वर आला.

"बाबा, थोडं..."

"थोडं काय?"

"काही नाही. पुन्हा बघू."

पुन्हा खाली आलो. पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावर घाम होता. दोन्ही हातांनी ते चाक असे धरून होते, की जणू तेच गाडीला वर ओढत आहेत. इंजिनाने आवाज चढवला की त्यांना तो कण्हण्याचा वाटे, हे मला दिसत होते. मी त्यांना ओळखतो. कुणाच्या आवाजात जरा ताण आला की ते आपले म्हणणे मागे घेतात. दुकानदाराशी, छापखान्यातल्या लोकांशी, आईशी, माझ्याशी. आणि माझ्या बाजूने पाहावे तर मीही त्यांना ताण पडू नये म्हणून माझे शब्द अर्ध्यावर सोडत होतो. त्या गाडीत दोन माणसे एकमेकांना जपत बसली होती, आणि त्या जपण्यात गाडी हातची जात होती.

तिसऱ्या वेळी अर्ध्या चढावर त्यांचा पाय वर येताना मी पाहिला आणि ओरडलो.

"दाबा! बाबा, दाबा! सोडू नका!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्या दचकण्यातच त्यांचा पाय खाली गेला, पार तळाला.

एक क्षण काहीच झाले नाही. मग इंजिनाच्या पोटातून मी कधी न ऐकलेला आवाज आला. भरदार, खालच्या पट्टीतला, न कुरकुरणारा. आमच्या पाठी सीटला रेटल्या गेल्या. काच थरथरू लागली, कडेची पांढरी झुडपे एकमेकांत मिसळली. इंजिन कण्हत नव्हते. त्याला इतकी वर्षे कुणी काही करायलाच सांगितले नव्हते.

"आता सोडा! गिअर राहू द्या!"

त्यांनी पाय काढला. गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावली, आणि आरशात निळ्या धुराचा एक मोठा लोट उठलेला दिसला.

"धूर!" वडील म्हणाले.

"येऊ दे. तो आतला लेप जळतोय. दाबा!"

त्यानंतर आम्ही किती वेळा वरखाली केले ते मी मोजले नाही. मी ओरडत होतो आणि ते दाबत होते. आणि पुढे पुढे मी ओरडण्याच्या आधीच ते दाबू लागले.

शेवटी वरच्या मैदानात त्यांनी गाडी थांबवली. आम्ही खाली उतरलो. तापलेल्या लोखंडाचे बारीक टिकटिक आवाज येत होते. खाली शहर होते, त्यातले आमचे घर कुठले ते कळत नव्हते.

"तू ओरडलास," वडील म्हणाले.

"हो."

"पहिल्यांदाच."

त्यांनी बुटाच्या टोकाने एक खडा जरासा सरकवला आणि पुन्हा होता तिथे आणून ठेवला.

"तू कॉलेज सोडून घरात बसला होतास ना, तेव्हा मी काही बोललो नाही तुला. तुझी आई म्हणायची, बोला, विचारा त्याला. मला वाटायचं, आधीच पोरगं खचलंय, त्यात आपण कशाला." ते थांबले. "बोलायला हवं होतं का रे?"

एरवी मी म्हणालो असतो, 'नाही हो बाबा, तसं काही नाही.' ते वाक्य ओठांवर तयारच होते. गुळगुळीत वाक्य होते ते. आमच्या घरात त्याने आजवर कुणाला खरचटले नव्हते. पण घसा अजून ओरडण्याने दुखत होता, आणि तसल्या घशातून ते निघेना.

"हवं होतं," मी म्हणालो. "मला वाटायचं, तुम्हाला काही फरकच पडत नाही."

त्यांचा चेहरा बदलला. मला ते दिसले, आणि मी शब्द मागे घेतले नाहीत. घ्यावेत असे फार वाटले.

"पडत होता," ते म्हणाले. "खूप पडत होता." आणि मग, जवळजवळ रागाने, "तू तरी कधी विचारलंस?"

"नाही."

"मग!"

हा आमच्यातला पहिला वाद. तो एवढाच झाला. पण परत जाताना गाडीतली शांतता नेहमीची नव्हती. तिच्यात काहीतरी खडबडीत होते, आणि मला ते हवेसे वाटत होते.

*

प्लग काढले तेव्हा मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. पहिला कोरडा, बिस्किटाच्या रंगाचा. दुसरा तसाच. तिसराही. चौथा ओला.

"तीन बसले," मामा म्हणाला. "चौथ्याची काच झालीय. वरचं झाकण, हेड, उतरवून पुन्हा ओरखडे काढावे लागतील त्याला. काम मोठं नाही, पण रविवारच्या आत होत नाही."

रविवारी हॉटेलवाला वेळेवर आला. सोबत मोजपट्टी होती आणि एक माळी होता. माळ्याने बॉनेट उघडलेले पाहिल्याबरोबर आत डोकावून विचारले, "इथे ऊन येणार का?"

"करा सुरू," हॉटेलवाला म्हणाला. "ठरलंय तसं."

मी इंजिन सुरू केले. ते सुरेख चालत होते. पण सायलेन्सरच्या तोंडातून एक बारीक निळी रेघ निघाली, वर्कशॉपच्या उजेडात तरंगली आणि सगळ्यांना दिसली. हॉटेलवाल्याने सभ्यपणे खाकरल्यासारखे केले. "आहे की अजून. वाईट वाटून घेऊ नका साहेब, आमच्याकडे ती राणीसारखी राहील."

मामाने तोंड उघडले. वडिलांनी हात वर करून त्याला थांबवले.

"नाही," ते म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की माळी आतून डोके काढताना बॉनेटला आपटला. आवाजाचे माप वडिलांना ठाऊकच नव्हते. ज्याने कधी हत्यार उचलले नाही त्याचा पहिला घाव असाच वेडावाकडा पडतो.

"नाही म्हणजे?" हॉटेलवाला म्हणाला. "धूर थांबला नाही तर आमची, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो होतो. शब्द दिला होता. तो मोडतोय." वडिलांचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "मला त्याच दिवशी नाही म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. तुम्ही उगाच आशेवर राहिलात, इथवर आलात. तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर आहे. पण गाडी द्यायची नाही. धूर आला तरी नाही, बंद पडली तरी नाही."

हॉटेलवाल्याच्या चेहऱ्यावर राग आला. खराखुरा, आणि रास्त. "माणसानं एक काहीतरी बोलावं," तो म्हणाला. वडील त्या रागासमोर उभे राहिले. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. ते मागे सरकले नाहीत.

"चहा घेऊन जा," ते म्हणाले.

हॉटेलवाला चहा न घेता गेला. माळी मात्र राहिला. त्याने चहा घेतला, आणि इंजिन पाण्याने थंड होते की हवेने, हे मामाला विचारले. मामाने त्याला सगळे सांगितले, त्याने विचारले होते त्याच्या कितीतरी पलीकडचे.

वडील एका उलट्या खोक्यावर बसले होते. चहा बशीत ओतून ते फुंकर घालत होते.

"जास्त झालं का रे?" त्यांनी मला विचारले.

त्यांना बरे वाटावे असे काही बोलण्याचा मोह झाला. "आवाज जास्त झाला," मी म्हणालो. "बाकी बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. मुद्रितातली दुरुस्ती मान्य करावी तशी. मग चहा संपवून ते उठले. "घरी तुझ्या आईला मीच सांगतो. चादरींचंही बोलून घेतो."

"दाजी," मामा म्हणाला, "आमच्या ताईसमोर मात्र इतकं दाबू नका. तिथे चढ वेगळा आहे."

वडील हसले आणि चालत निघाले, गाडी तिथेच ठेवून. मी इंजिन निवायची वाट पाहिली. मग पाना घेतला आणि हेडचे बोल्ट सैल करू लागलो, कडेकडून मधे येत. एकेकाला थोडा थोडा, पण प्रत्येकाला पहिला जोर पुरता लावून. कारण घट्ट बसलेला बोल्ट अर्ध्या जोराने सुटत नाही. त्याच्या डोक्याच्या कडा मात्र झिजतात.